झोपून राहा ते चालायला लागा : हृदयाच्या विश्रांतीची गोष्ट



छातीचं दुखणं झालेल्या माणसाला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, "आता पडून राहायचं, उठायचं नाही, जिवाला जपायचं." दुसरा, "घरी सोडलं ना दवाखान्यातून, म्हणजे बरं झालं. लागा आता कामाला." पहिला सल्ला बहुतेक करून पुरुषांच्या वाट्याला येतो, दुसरा बायकांच्या. हे आम्ही रागानं सांगत नाही, गटागटांत फिरून पाहिलेलं सांगतो.

हे दोन्ही सल्ले आकाशातून पडलेले नाहीत. त्यांना इतिहास आहे. मोठमोठे डॉक्टरसुद्धा कित्येक वर्षं याच प्रश्नात अडकले होते, की हृदयाला इजा झाल्यावर माणसानं किती दिवस पडून राहावं आणि कधी उठावं. आज ती गोष्ट सांगायचं ठरवलं, कारण आपल्या प्रभागातल्या दोन तायांचं गेल्या दोन वर्षांत हृदयाचं 'ॲब्लेशन' झालं आणि दोघींच्या घरी नंतर गोंधळ उडाला. एकीला घरच्यांनी दोन महिने अंथरुणावरून उठू दिलं नाही. दुसरी चौथ्या दिवशी ज्वारी उपटायला रानात होती. दोघींच्या हातात दवाखान्याचा कागद सारखाच होता, 'हलका व्यायाम करा, जड उचलू नका' एवढंच लिहिलेला.

आधी ॲब्लेशन म्हणजे काय ते समजून घेऊ. आपलं हृदय हा पंप, आणि पंप म्हटला की वीज आली. ही वीज शरीराचीच असते, म्हणून तिला लोडशेडिंग नाही. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक बारीकसा स्टार्टर असतो. तो मिनिटाला ६० ते १०० वेळा ठिणगी टाकतो. ती ठिणगी मधल्या एका दारातून खालच्या कप्प्यांत उतरते आणि ठोका पडतो. काही माणसांत या दाराजवळ जन्मापासूनच एक जादा वाट असते. तिला आपण चोरवाट म्हणू. एरवी ती गप्प असते. पण एखाद्या वेळी वीज एका वाटेनं खाली उतरते, दुसरीनं परत वर चढते, पुन्हा खाली, पुन्हा वर, अशी गोल फिरत राहते. मग ठोके मिनिटाला दीडशे, कधी दोनशेवर जातात. बटण दाबल्यासारखी धडधड एकदम सुरू होते आणि तशीच एकदम थांबते. घाम फुटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते, गळ्यात काहीतरी उडतंय असं वाटतं. या दुखण्याचा जो सगळ्यात नेहमीचा प्रकार आहे, तो पुरुषांपेक्षा बायकांत साधारण दुप्पट आढळतो.

आता गंमत बघा, किंवा गंमत म्हणू नये. धडधड थांबल्यावर बाई दवाखान्यात पोचते आणि तिची पट्टी, म्हणजे ईसीजी, बहुतेक वेळा अगदी चांगली निघते. "काही नाही, टेन्शन आहे" असं ऐकून ती परत येते. मग नजर काढली जाते, उतारा होतो, "मनाला फार लावून घेतेस" असं शेजारीण म्हणते. हे फक्त आपल्याच गावात होतं असं नाही. अमेरिकेत १९९७ साली अशा १०७ रुग्णांची माहिती छापून आली. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं पहिल्या तपासणीत ओळखलंच गेलं नव्हतं, आणि कित्येकांचं त्यानंतरही काही वर्षं. दोन तृतीयांश लोकांची लक्षणं तर घाबरण्याच्या आजारासारखीच दिसत होती. 'मनाचं आहे' हा शिक्का बसणाऱ्यांत बायका जास्त होत्या. शिकलेल्या देशातल्या बायकांची ही गत, मग आपल्या बाईनं वाईट वाटून काय घ्यायचं?

ईसीजीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोवेन नावाच्या डॉक्टरांनी १९०० सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे यंत्र केलं. त्याचं वजन अडीचशे किलोच्या वर, चालवायला पाच माणसं. ते काही दवाखान्यात हलवता येईना, तर त्यांनी टेलिफोनच्या तारेनं रुग्णालयातल्या माणसाचे ठोके आपल्या प्रयोगशाळेत आणले. या कामासाठी १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. पुढं अमेरिकेतल्या मोंटाना भागात नॉर्मन होल्टर यांनी त्याच्याही पुढची युक्ती केली. माणूस चालताना, काम करताना त्याचे ठोके रेडिओच्या लहरींवरून पकडायचे. १९४० च्या दशकातलं त्यांचं ते यंत्र पाठीवर बांधावं लागे आणि त्याचं वजन होतं ३८ किलो! ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन व्यायाम केल्यासारखंच की. आज 'होल्टर लावा' म्हणतात ते त्यांचंच नाव. तळहातावर मावणारी डबी, एक-दोन दिवस छातीला लावून ठेवायची. आपली रेडिओची मंडळी म्हणून हे मुद्दाम सांगितलं. हृदयाचा आवाजसुद्धा आधी रेडिओवरूनच गेला होता.

१९३० साली तीन डॉक्टरांनी मिळून एक लेख लिहिला. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट. अकरा जणांची हकीकत त्यात होती. सगळे तसे धडधाकट, बरेचसे तरुण, पण अधूनमधून छाती जोरात धडधडणारे, आणि त्यांच्या ईसीजीत एक ठरावीक वेगळेपणा. त्या दुखण्याला आजही या तिघांचंच नाव आहे. पण नाव मिळालं म्हणून इलाज मिळाला नाही. चोरवाट आहे हे कळायला आणि ती तोडता येईल असं वाटायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. २ मे १९६८ रोजी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात विल सीली या सर्जननं तिशीतल्या एका मासेमाराची छाती उघडून ती वाट कापली. समुद्रावर जाऊन जाळी ओढणारा माणूस, धडधडीमुळं घरी बसलेला. तो बरा झाला. त्याच वर्षी, १६ फेब्रुवारीला, आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. तो रुग्ण काही तासच जगला. पण हृदयाला हात लावायचा नाही, ही जुनी भीती त्या वर्षी जगात सगळीकडेच मोडत होती.

छाती उघडायची म्हणजे मोठं ऑपरेशन. वायरीनं हे काम होईल का? याचं उत्तर काहीसं अपघातानं मिळालं. १९७९ साली पॅरिसमध्ये हृदयात वायर घालून तपासणी चालू असताना रुग्णाला बाहेरून विजेचा झटका द्यावा लागला, तो आतल्या वायरीतून गेला आणि मधलं दारच बंद पडलं. त्यावरून सॅन फ्रान्सिस्कोच्या मेल्विन शाइनमन यांनी १९८१ साली मुद्दाम, ठरवून, वायरीतून झटका देऊन एका रुग्णाची धडधड थांबवली. पण झटका म्हणजे आतल्या आत बारका स्फोटच. दारच बंद केलं तर पेसमेकर बसवावा लागतो. पुढं १९८० च्या दशकाच्या शेवटी झटक्याऐवजी संथ उष्णता वापरायला सुरुवात झाली. भाजीला फोडणी घालणं आणि भांडं पेटवून देणं, एवढा त्यात फरक. १९९१ साली ओक्लाहोमाच्या वॉरेन जॅकमन यांनी १६६ रुग्णांचा हिशेब छापला. त्यातल्या १६४ जणांची चोरवाट बंद झाली होती. तिथून पुढं हे काम जगभर पसरलं. जांघेतल्या शिरेतून वायरी वर नेतात, वाट शोधतात आणि काही मिलिमीटरची जागा भाजून बंद करतात. छातीवर टाका नाही. १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहतात, त्या दुखण्याची ठिणगी बऱ्याच वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांत असते. मग त्यालाही ॲब्लेशन होऊ लागलं. फक्त तिथं जास्त जागा भाजावी लागते, म्हणून बरं व्हायलाही जास्त दिवस लागतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल. (आपल्याकडे वरचे कप्पे थरथरण्यामागं बऱ्याचदा लहानपणी झालेला सांध्यांचा ताप आणि त्यानं खराब झालेली झडप असते. तिथं आधी झडपेचा इलाज बघावा लागतो. घशाचं दुखणं, ताप आणि सांधे सुजलेलं पोर दिसलं तर दवाखान्यात न्या, एवढं या निमित्तानं.)

आता विश्रांतीच्या गोष्टीकडे येऊ. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हृदयाचा झटका आलेल्या माणसाला सहा सहा आठवडे अंथरुणावर ठेवत. कूस बदलायची नाही, जेवणसुद्धा दुसऱ्यानं भरवायचं. हृदयाची जखम भरायला वेळ लागतो, म्हणून हलायचं नाही, असा विचार. विचार चुकीचा वाटत नाही. पण पडून पडून पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात, छातीत कफ साठे, पाठीला जखमा होत. माणूस हृदयानं वाचायचा आणि अंथरुणानं जायचा.

१९५२ साली बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी ८१ रुग्णांना झटक्यानंतर लवकरच उचलून आरामखुर्चीत बसवलं. नुसतं बसवलं, चालवलं नाही. पण त्या काळी तेवढंही धाडस होतं. ती माणसं दगावली तर नाहीतच जास्त, उलट मनानं उभारी धरली. पुढच्याच वर्षी लंडनच्या जेरी मॉरिस यांनी बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास छापला. तिथल्या बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर तिकिटं फाडत शेकडो पायऱ्या चढणार उतरणार. हृदयाचं दुखणं ड्रायव्हरांत जास्त निघालं. एसटीतल्या गर्दीत उभं राहून तिकिटं देणाऱ्या आपल्या वाहक ताईंना हे सांगायला हरकत नाही, जरी पाय दुखायचे थांबणार नसले तरी.

सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनाच झटका आला. त्यांना बघायला बोलावलेले डॉक्टर म्हणजे पॉल व्हाइट. तेच, १९३० च्या लेखातले. व्हाइट स्वतः सायकल चालवणारे, चालण्याचा पुरस्कार करणारे. त्यांनी राष्ट्राध्यक्षांना हळूहळू उभं केलं, चालवलं, पुढं गोल्फ खेळू दिलं. १९५६ साली ते पुन्हा निवडून आले. साऱ्या जगानं पेपरात वाचलं की हृदयाचा माणूस कामाला लागू शकतो.

पण आम्हाला सगळ्यात जास्त बोलकी वाटते ती डॅलसची गोष्ट. १९६६ साली तिथं वीस वर्षांच्या आसपासच्या पाच निरोगी पोरांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीन आठवड्यांनी त्यांची श्रम करायची ताकद चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त घटली होती. मग व्यायाम करून ती भरून आली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासलं. पन्नाशीतली माणसं आता, पोटं सुटलेली. तरी तीस वर्षांच्या वयानं जेवढी ताकद गेली नव्हती, त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं गेली होती. आपल्या त्या ताई दोन महिने झोपून होत्या. नंतर ओट्यापर्यंत गेलं तरी धाप लागायची, आणि घरचे म्हणायचे, "बघा, हृदय अजून कच्चंच आहे." धाप हृदयाची नव्हती, अंथरुणाची होती. घरच्यांनी ते मायेनंच केलं होतं, हेही खरं.

म्हणजे विश्रांती वाईट का? तसं मुळीच नाही. इथं मुंबईच्या डॉ. के. के. दाते यांचं नाव घ्यायला हवं. केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ. १९६९ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा हिशेब एका परदेशी मासिकात छापला. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींची औषधं कमी करता आली. शवासन म्हणजे दिवसभर लोळणं नव्हे. ठरलेला वेळ, अंग सैल, श्वासाकडं लक्ष, आणि मग उठायचं. आपल्या बायकांना असा ठरलेला वेळ कोण देतं, हा वेगळा प्रश्न. अलीकडे भारतातल्या २४ रुग्णालयांत झटका येऊन गेलेल्या ३९५९ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना योगाचे वर्ग, निम्म्यांना नेहमीचा सल्ला. योगानं पुढचे झटके टळतात असं काही सिद्ध झालं नाही, हे सरळ सांगितलेलं बरं. पण योग करणाऱ्यांना बरं जास्त वाटलं आणि ते आपल्या पहिल्या कामांकडं जास्त चांगले परतले. खास ॲब्लेशन झालेल्यांचाही अभ्यास आहे. डेन्मार्कमध्ये वरचे कप्पे थरथरणाऱ्या २१० रुग्णांचा. त्यातल्या निम्म्यांना ॲब्लेशननंतर महिन्याभरानं तीन महिने शिस्तीत व्यायाम करवला. त्यांची श्रमाची ताकद इतरांपेक्षा वाढली.

आता जरा मागं वळून बघा. मासेमार, राष्ट्राध्यक्ष, बसचे कंडक्टर, पाच पोरं. डेन्मार्क आणि भारतातल्या अभ्यासांतही पुरुषच जास्त. या सगळ्या इतिहासात घागर उचलणारी बाई नाही. 'कामावर परतणे' म्हणजे ऑफिसात खुर्चीवर बसणे असं धरून सल्ले लिहिले गेले. आपल्या कामाला सुट्टीच नसते, तर परतायचं कुठून आणि कुठं? म्हणून आम्ही दवाखान्यातल्या नर्सताईंना आणि डॉक्टरांना विचारून 'जड' आणि 'हलका' यांचा अर्थ आपल्या भाषेत उतरवून घेतला. प्रत्येकीला तिच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असेल ते पहिलं, आमचं त्यानंतर.

खरी सक्तीची झोप फक्त दवाखान्यातली. वायर काढल्यावर साधारण चार ते सहा तास पाय सरळ ठेवून पडायचं, कारण शिरेचं भोक मिटायला हवं. त्यानंतर उठून चालायला लावतातच. जपायचं असतं ते पहिला आठवडाभर, आणि छातीपेक्षा जांघेला. चार-पाच किलोच्या वर उचलायचं नाही असं बहुतेक ठिकाणी सांगतात. चार-पाच किलो म्हणजे किती? पंधरा लिटरचा हंडा भरला की नुसतं पाणीच पंधरा किलो, भांडं वेगळं. कळशीसुद्धा नाही. कडेवर नातू नाही. दळणाचा डबा नाही. ओलं धुणं पिळायचं नाही. चुलीपुढं उकिडवं बसून भाकरी थापायची नाही, कारण जांघ दुमडते आणि ताण तिथंच येतो. संडासला शक्य तर खुर्ची ठेवावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कुंथायचं नाही. खोकला, शिंक आली तर जांघेवर हात दाबून धरायचा. आणि ज्वारी उपटणं? सोलापूरच्या बाईला सांगायला नको, कंबरेतून वाकून, टाचा रोवून, सगळं अंग ओढून ती उपटावी लागते. ज्या ताई चौथ्या दिवशी गेल्या, त्यांच्या जांघेत लिंबाएवढी गाठ आली आणि मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी झाली. पुन्हा दवाखाना, पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा गाडीभाडं. सुदैवानं तेवढ्यावर निभावलं. आपलं हृदय मात्र त्या चार दिवसांतही चांगलं चालत होतं.

चालणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून. आधी अंगणात, मग गल्लीत. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, सपाट वाटेनं. दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायची. वेग किती? चालताना शेजारणीशी बोलता यावं, पण ओवी गाता येऊ नये, इतका. बोलताही येत नसेल तर वेग कमी करा. आरामात गाता येत असेल तर थोडा वाढवा. साध्या चोरवाटेचं ॲब्लेशन असेल आणि जांघ चांगली असेल, तर आठवड्याभरात घरकाम आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारून हळूहळू रानातलं काम, असं साधारण चालतं. वरचे कप्पे थरथरण्याचं असेल तर कष्टाच्या कामाला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही थांबायला सांगतात. आतली भाजलेली जागा पूर्ण भरायला तीनेक महिने धरतात. त्या काळात मधूनच धडधड आली तर "पैसे वाया गेले" असं म्हणून रडत बसू नका. ती कधी कधी येते आणि पुढं जाते, पण डॉक्टरांना कळवा. अधूनमधून ठोका चुकल्यासारखा वाटतो, तेही पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणींना होतं. रक्त पातळ करायची गोळी दिली असेल तर आपल्या मनानं बंद करायची नाही, आणि ती चालू असताना विळा-खुरपं जपून.

काही गोष्टींना मात्र वाट बघायची नाही. जांघेतून रक्त आलं तर लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्या कुणी तरी दहा मिनिटं घट्ट दाबून धरायचं. थांबलं नाही तर १०८. गाठ वाढत चालली, पाय गार किंवा निळा पडला, छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन पडली, ताप आला, तर तसंच. वरचे कप्पे थरथरण्याचं ॲब्लेशन झालेल्या बाईला पुढच्या महिना-दोन महिन्यांत ताप, गिळायला त्रास, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं यातलं काहीही झालं तर गावच्या डॉक्टरकडे सुई टोचून घेत बसू नका. जिथं ॲब्लेशन झालं तिथंच फोन करून निघा, आणि ॲब्लेशन झालंय हे प्रत्येकाला सांगा. असं फार क्वचित होतं, पण झालं तर तास मोजावे लागतात.

पैशाचं थोडं. सोलापूरकरांना हृदयाच्या मोठ्या इलाजासाठी पुण्या-मुंबईची गाडी धरायची सवय होती. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पहिल्या टप्प्यात आठच जिल्ह्यांत, आणि त्यात आपला सोलापूर जिल्हा होता. उरलेल्या महाराष्ट्राला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, आता ती पाच लाखांपर्यंत वाढवलेली आहे. आपल्या दुखण्याचं कोणतं काम कोणत्या रुग्णालयात योजनेत बसतं, हे भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत न्या, दोन्हीवरचं नाव सारखं आहे ना बघा. दोन तायांपैकी एकीनं आधी गटातून कर्ज उचललं आणि मग योजनेचं कळलं. ते कर्ज अजून फिटतंय.

म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत थोडी भांडाभांडी होऊन ठराव झाला. कुणा सदस्येचं ऑपरेशन किंवा असं काही झालं तर पहिले आठ दिवस तिच्या घरचं पाणी गटातल्या बायका पाळीनं भरतील, आणि त्या महिन्याचा हप्ता पुढं ढकलला तर दंड लागणार नाही. पाण्याची पाळी पटकन मान्य झाली. दंडावरच बराच वेळ गेला. एका आजींनी विचारलं, की मग बाळंतिणीला का नाही? त्यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलंय.

ज्यांना दोन महिने झोपवून ठेवलं होतं, त्या ताईंना वारीला जायचं होतं. आळंदीपासून पंढरपूर म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या घरात, तीन आठवड्यांचं चालणं. डॉक्टर म्हणाले, एकदम नको, वाढवत न्या. त्यांनी माघापासून रोज संध्याकाळी शाळेपासून ओढ्यापर्यंत चालायला सुरुवात केली, आधी सूनबाईंचा हात धरून, मग एकट्या, मग चार जणी बरोबर घेऊन. आषाढीला त्या वाखरीपासून पंढरपूरपर्यंत चालल्या. तेवढंच. सासूबाई टमटममधून मागं मागं होत्या, पाण्याची बाटली घेऊन.

ओढ्यापर्यंतचं ते चालणं अजून चालू आहे. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहा वाजता, जिल्हा परिषद शाळेच्या फाटकापासून. ज्यांना यायचंय त्यांनी पट्ट्याची चप्पल घालून या.